डावा तळवा, उजवा अंगठा

रायपुरातल्या गुढियारीच्या मालधक्क्याजवळ तांदळाची एक अडत आहे. तिथे प्रेमला भोयर बावीस वर्षं तांदूळ हुंगत होती. पोत्यातून मूठभर नमुना काढायचा, डाव्या तळव्यावर पसरायचा, उजव्या अंगठ्याने सावकाश घासायचा आणि हुंगायचा. एकदा नाही, तीनदा. ती म्हणायची, "पहिला वास पोत्याचा, दुसरा विकणाऱ्याचा, तिसरा तांदळाचा." तिच्या तिसऱ्या वासावर भरल्या गाड्या माघारी गेलेल्या आहेत.

मग अडतीत यंत्र आलं. काळा दाणा, तुटका दाणा ते क्षणात वेगळा करी.

शेठ म्हणाला, "दीदी, अब मशीन देख लेती है."

"देखती है, भैया. सूंघती है क्या?"

शेठ हसला. पण महिन्याभरात तिचं काम गेलंच.

छत्तीसगडची राजधानी तोवर नव्या रायपुरात सरकली होती. तिथल्या एका संस्थेला तांदूळ पारखणारी माणसं हवी होती. अट एकच. शेरा इंग्रजीत लिहायचा, कारण तो परदेशी गिऱ्हाइकाकडे जाणार. प्रेमला सातवी शिकलेली. तरी ती गेली. नमुने तिने अचूक ओळखले, पण कागद परत आला. संस्थेचे उदय सर पुण्याहून आलेले, बोलायला सौम्य. म्हणाले, "बाई, 'राइस स्मेल्स स्वीटली' असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे तांदूळच काहीतरी हुंगतोय, असं वाटतं. महिन्याने पुन्हा परीक्षा आहे. तीच शेवटची."

घरी लेक मंजिरी पोट धरून हसली. ती कॉलेजात शिकत होती, मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची.

"काहून हासून राहिली व पोट्टे? शिकव मले."

"आई, सिंपल है. कुछ वर्ब के बाद एडजेक्टिव, कुछ के बाद एडवर्ब."

"कोणत्या नंतर कोणतं?"

"वो लिस्ट याद करनी पड़ती है."

प्रेमलाने आठवडाभर यादी घोकली. भाजी चिरताना यायची, कागद समोर आला की पळायची. एके सकाळी ती तांदूळ निवडायला बसली. सवयीने चार दाणे डाव्या तळव्यावर घेतले, उजवा अंगठा फिरवला आणि हात तसाच थांबला. तळव्यावर तांदूळ नुसता पडून होता. तो काही करत नव्हता, जसा होता तसा होता. करत होता तो अंगठा.

"मंजिरी, इकडे ये. तांदूळ कसा आहे ते या डाव्या हातात. स्वीट, ओल्ड, व्हाइट. मी काम कसं करते ते या उजव्या हातात. स्लोली, केअरफुली. बरोबर?"

मंजिरी वही घेऊन आली. "राइस लुक्स?"

डावा हात वर. "व्हाइट."

"आय लुक ॲट राइस?"

उजवा अंगठा. "क्लोजली."

"आई, दोनों में लुक ही है!"

"असू दे ना. पाहून कोण राहिलं, ते पाहा."

पुढचे तीन आठवडे त्या घरात वरण, आंबाडीची भाजी, धुतलेली चादर, सगळं आधी डाव्या हातात गेलं, मग पोटात किंवा कपाटात.

परीक्षेला पाच वाट्या होत्या. चौथ्या वाटीवर 'दुबराज' असं सुवासिक जातीचं नाव लिहिलं होतं आणि सुगंधाने खोली भरली होती. बाकीच्यांनी पटापट 'स्मेल्स स्वीट' लिहून कागद दिले. प्रेमला घासत बसली. मग तिने तीन ओळी लिहिल्या. आधी गोड वास येतो. मी सावकाश घासते. आता कुबट वास येतो. तिन्ही इंग्रजीत, तिन्ही बिनचूक.

उदय सरांनी कागद दोनदा वाचला. "बाई, चौथ्यात चूक दिसते."

"इंग्रजी चुकली का, सर?"

"नाही. इंग्रजी उत्तम आहे."

"मंग चुकलं काय?"

"हा नमुना नावाजलेल्या ठिकाणाहून आलाय. सगळ्यांनी सुगंधी लिहिलंय. तुम्ही एकट्याच वेगळ्या. तेवढी ओळ बदलता का? मी लगेच निवड लिहितो."

प्रेमलाच्या डोळ्यांसमोर अडतीचं बंद झालेलं दार आलं. यानंतर तिच्या नाकाला विचारणारं दुसरं ठिकाण नव्हतं. तिने पेन टेबलावर ठेवलं.

"भाषा मी महिन्यात शिकली, सर. तिच्यात चुकली असती तर शंभरदा बदललं असतं. हे नाकाचं आहे. बदलत नाही. तुमचा डावा हात द्या."

सर गोंधळले. पण हात पुढे आला. तिने त्यावर चौथ्या वाटीतले दाणे ठेवले. "घासा. हळू. हुंगा."

"सुगंधच आहे."

"तो पोत्याचा. दाणे पदराला पुसून देते, पुन्हा घासा."

"अजूनही आहे थोडा."

"तो विकणाऱ्याचा. आता अजून एकदा."

तिसऱ्यांदा सरांनी हात नाकाशी नेला आणि झटकन दूर केला. बंद खोलीतल्या ओल्या गोणपाटासारखा वास होता. जुन्या तांदळावर कोणीतरी अत्तर शिंपडलं होतं.

सरांनी दाणे वाटीत परत टाकले. मग त्यांनी तिचा कागद जसाच्या तसा फाइलला सगळ्यात वर लावला आणि बाकीचे सगळे कागद खाली सरकवले.

"सोमवारपासून दहाला या. बस मात्र इथे कमी आहेत."

"हव. एक नवाले पोचते, दुसरी साडेदहाले," प्रेमला म्हणाली. "मी नवाच्या बसनं येईन."