खाणीतल्या निळ्या फुल्या

सोलापुरात राहून कडे चढते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, इथं डोंगर आहे कुठं? पुण्याकडचे जरा जास्तच हसतात. त्यांच्या दाराशी सह्याद्री उभा आहे, पण तो काही त्यांनी रचलेला नाही, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं. आमच्याकडे डोंगर नाही, कबूल. बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, ओढ्यानं कापलेले उंच काठ आहेत आणि रविवारची सकाळ मोकळी असलेल्या दोन बायका आहेत. एक मी, दुसरी माझी नणंद.

नणंद दातांची डॉक्टर आहे, सात रस्त्याजवळ तिचा दवाखाना आहे. मी शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना सांभाळते. दोर, गाठी, हेल्मेट हे सगळं आम्ही दोघी एकाच शिबिरात शिकलो आणि मग स्कूटरवर बसून करकंब, माढा, सगळ्या वाटा पालथ्या घातल्या. उसाच्या फडामागं काळी भिंत दिसली की गाडी थांबवायची. एका आजोबांनी विचारलं होतं, "हितं काय गावणार तुमास्नी? दगडंच हायती की." नणंद म्हणाली, "दगडंच पायजेत, आजोबा." त्यांनी चहा पाजला, पण आम्ही जाईपर्यंत बांधावरून हलले नाहीत.

बहुतेक जागा टाकाऊच निघाल्या. हात लावला की मुठीत मुरूम. त्यातल्या त्यात माढ्याच्या वाटेवरची एक खाण बरी, तीन मजली घराएवढी भिंत आहे तिची. पण तिथंही काळ्या दगडाच्या मधे मुरमाचे पट्टे आहेत आणि निम्मे दगड हलणाऱ्या दातांसारखे नुसते टेकलेले. म्हणून आमची एक पद्धत आहे. दिवाळीनंतर वरच्या कडूलिंबाला दोर बांधायचा, नणंदेनं वरून हळूहळू खाली यायचं आणि हातोडीच्या दांड्यानं एकेक दगड ठोकायचा. खणखणीत वाजला तर पुढं. बद्द वाजला की ती ओरडते, "वहिनी, हा किडलाय," आणि माझ्या कारखान्यातल्या कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं त्यावर फुली मारते. किडका दगड उपटून का टाकत नाही, असं विचारणारे शहाणे भेटतात. एक उपटला की त्याच्या आधारानं बसलेले वरचे सगळे खाली येतात. आम्ही ते करून बघितलंय.

पाऊस फुल्या धुतो आणि दगडही हलवतो, म्हणून दरवर्षी हे काम नव्यानं. कित्येक रविवार त्यातच जातात. पण एकदा ते झालं की उन्हाळ्यापर्यंत हिशोब सरळ. फुली असेल तिथं हात नाही, फुली नसेल तिथं बिनधास्त.

"एवढी कटकट करण्यापेक्षा चांगल्या खडकावर जा की," असं म्हणणं सोपं आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, दुपारच्या आत आम्ही दोघी घरात लागतो. सह्याद्री गाठून परत यायला अख्खे दोन दिवस हवेत, ते नणंदेला कधी मिळाले नाहीत आणि इतक्यात मिळणारही नाहीत. तिच्या वाट्याला हीच एक भिंत आहे, आणि ती त्या भिंतीवर असते तेव्हा इतकी खूश असते की बघणाऱ्यालाच बरं वाटावं.

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या चौघांच्या एका गटानं आमचे फोटो बघून फोन केला. म्होरक्या बोलायला गोड होता, ताई ताई करत होता. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाट सांगितली, लिंबाचं झाड सांगितलं, फुल्यांचा अर्थही समजावून सांगितला. शनिवारी ते येऊन गेले. 'भारी जागा आहे ताई, थँक्यू,' असा मेसेजही आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. भिंतीवर डावीकडं फुल्या होत्या, उजवीकडं होत्या. मधल्या पट्टीत नव्हत्या, पण एवढ्या मोठ्या भिंतीवर कुठली फुली कुठं मारली होती हे कुणाच्या ध्यानात राहतंय? नणंद मधूनच चढली. मी खाली, लिंबावरून आलेला दोर धरून उभी. निम्म्या उंचीवर तिनं उजव्या हातानं एक दगड पकडला आणि तो पाट्याएवढा दगड मुळासकट सुटून तिच्याच मनगटावर आला. मग माझ्या पायापाशी पडला. दोरानं तिला धरलं. ती ओरडली नाही. "वहिनी, खाली घे," एवढंच म्हणाली.

मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. प्लेट बसवली, स्क्रू बसवले. पकड पहिल्यासारखी येईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. दाताच्या डॉक्टरचा उजवा हात तो. दवाखान्याला कुलूप लागलं.

मी म्होरक्याला फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, आम्ही चढताना फुल्या होत्या ना. चढून झाल्यावर ब्रशनं पुसल्या. खडकावर खुणा ठेवायच्या नसतात, ते बेसिक एथिक्स आहे."

म्हणजे आमच्या फुल्या बघून, त्यांच्या भरवशावर हे चौघं सुखरूप वर गेले, सुखरूप खाली आले आणि मग सफाई करून निघून गेले. चांगल्या कड्यावर खडूचे डाग पुसतात, ते मलाही ठाऊक आहे. पण इथं ते डाग नव्हते रे बाबा, आणि तुला ते सांगितलं होतं. मी फोनवर बरंच बोलले, त्यातलं सगळं इथं लिहिता येणार नाही. "पण ताई, तुम्ही असल्या खडकावर जाताच कशाला?" असं तो म्हणाला तेव्हा नणंदेनं डाव्या हातानं माझ्याकडून फोन घेतला. "येत्या रविवारी या," ती म्हणाली. "जेवढं पुसलंय तेवढं ठोकून, फुल्या मारून द्या."

तो आला, एवढं मात्र मान्य करते. एकटाच आला, नवाकोरा दोर घेऊन. नणंदेनं हातोडी आणि निळा खडू त्याच्या हातात दिला. तो मागच्या वाटेनं वर लिंबापर्यंत जाऊन आला. मग भिंतीखाली उभा राहून मान वर करून बघत राहिला.

"ताई, हे रिस्की आहे," तो शेवटी म्हणाला. "वरून उतरायचं म्हटलं तरी पाय कुठं टेकवायचा तेच कळत नाही. फुल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला कळलेलंसुद्धा नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण नणंद आधी बोलली. राग आला की तिची सगळी गावाकडची बोली बाहेर येते.

"व्हय," ती म्हणाली. "लई येगळी असती की."

तिनं प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं त्याच्यासमोर धरली आणि मूठ वळून दाखवली. बोटं निम्म्यातच थांबली. ती तशीच जोर लावत राहिली, चेहरा लाल होईपर्यंत, आणि तो तिच्या बोटांकडं बघत राहिला.

मी त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि दोर माझ्या कमरेला बांधायला लागले.