सोवळ्यातलं गजकर्ण

"गजकर्ण आहे," कोपरगावच्या त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "टिनिया क्रुरिस. म्हणजे जांघेतली बुरशी."

बुरशी लोणच्याला येते, एवढंच मला माहीत होतं. मी पुणतांब्याचा भिक्षुक, दिवसातून दोनदा अंघोळ करणारा. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. दाखवताना जेवढा लाजलो तेवढा स्वतःच्या लग्नातही लाजलो नव्हतो.

त्याआधी तीन महिने मीच माझा डॉक्टर होतो. मेडिकलमधून ट्यूब आणायची, खाज थांबली की बंद. आठ दिवसांनी खाज दुप्पट. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. ते खाज दाबतं आणि बुरशीला पोसतं, हे आता कळलं. पूजेत खाज सुटली की मी यजमानांना म्हणायचो, "डोळे मिटा, ध्यान करा." त्या दिवसांत माझ्या पूजेतलं ध्यान फार लांबलं. लोकांनी त्याचंही कौतुक केलं.

मॅडमनी केओएच टेस्ट केली. म्हणजे कातडीचा कोंडा खरवडून, औषधाच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मग विचारलं, "कपडे रोज धुता?"

"रोज. फक्त सोवळ्याचा कद धूत नाही. रेशमाला विटाळ नसतो."

"बुरशीला ते माहीत नाही. तो आणखी कोण नेसतं?"

यजमानाकडे सोवळं नसलं की पिशवीतून तोच कद काढून मी द्यायचो. वर सांगायचो, नेसा, शुद्ध आहे.

बाहेर आलो तर बाकावर नानासाहेब. गावचे बागायतदार, माझं सगळ्यात मोठं यजमानघर. गेल्या महिन्यात त्यांच्या सत्यनारायणाला कद माझाच होता.

"गुरुजी, तुमी बी?" ते मांडी चोळत म्हणाले. "आमाला भीमानं दिलं हे. सालगडी हो. टावेल वापरला असंल माजा. सकाळीच सांगितलंय त्याला, उद्यापासनं कामाला येऊ नगंस."

गप्प बसलो असतो तर माझं हे यजमानघर टिकलं असतं आणि भीमाची चूल विझली असती. दोनदा खाकरलो. "नाना, भीमाचा दोष नाही. माझ्या कदाचा आहे."

नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर मध्येच थांबली. "म्हंजी परसादासंगं हे बी वाटलं व्हय?"

मग त्यांनी तिथेच फोन लावला. "भीमा, उद्या कामाला ये. तुजं न्हाई ते. गुरुजींचं हाय." वेटिंग रूममधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

ज्या ज्या घरी कद दिला होता तिथे स्वतः जाऊन सांगितलं. गोळ्या सहा आठवडे घेतल्या. दुसऱ्याच आठवड्यात खाज थांबली, तरी बायकोने एक गोळी चुकवू दिली नाही. तिने कद उकळत्या पाण्यातही घातला. तो इतका आटला की आता देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाच होईल. मी सुती धोतर नेसतो, कडक उन्हात वाळवलेलं. तुम्हालाही अशी खाज असेल तर ट्यूब विकत घेण्याआधी डॉक्टरांसमोर लाजून घ्या, स्वस्तात सुटाल.

नाना अजून मलाच बोलावतात. त्या माणसाचे उपकार आहेत. फक्त दारात पाय धुवायला पाणी देताना भीमा विचारतो, "गुरुजी, पिशवीत काय हाय?"

मी पिशवी उघडून दाखवतो. पोथी आणि शंख.