शिक्षा म्हणजे छडी

शिक्षिकेची नोकरी करता करता द्यायच्या परीक्षेसाठी मला मानसशास्त्राचा एक प्रयोग करायचा होता. आमचे प्राध्यापक बजावायचे, आधी उद्देश लिहा, मग गृहीतक, मग चल, म्हणजे बदलणाऱ्या गोष्टी. आणि ज्या गोष्टी तपासायच्या नाहीत त्या सगळ्यांना सारख्या ठेवा. मी मोठ्या तोऱ्यात गृहीतक मांडलं: घरी मार खाणाऱ्या मुलींना साध्या शब्दांवरूनही भीतीच्याच गोष्टी सुचतात. चल दोन, घरचा धाक आणि मुलीचं उत्तर. बाकी वर्ग एक, वय एक, शब्द तेच. झालं, मला वाटलं गड जिंकला.

हिंदी मुलखातल्या जयेंद्रगंजात मी शिकवत होते त्या मुलींच्या शाळेत सगळा कारभार हिंदीत. मी एकेक शब्द म्हणायचा आणि मुलींनी मनात येईल तो पहिला शब्द लिहायचा, असं ठरलं. ‘शिक्षा’ म्हटल्यावर बहुतेकींनी किताब लिहिलं. शिंदे की छावनी या वस्तीतून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, छडी. ‘चेष्टा’ म्हटल्यावर इतर मुलींनी मेहनत लिहिलं, हिनं रोना. हिला घरी मार बसतो, हे मी न विचारताच ठरवून टाकलं, आणि माझं गृहीतक खरं ठरलं म्हणून मला कोण आनंद!

तिचे वडील पलटणीत हवालदार होते. त्यांना बोलावून मी चार शिक्षिकांदेखत सुनावलं, की लेकीला मारत जाऊ नका. त्यांनी वही मागून घेतली, शब्द वाचले आणि हळूच म्हणाले, “बाई, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं. आमच्या घरी शिक्षा म्हणजे शिक्षाच. तुमच्या घरी काय म्हणतात?”

मीही त्यांच्यासारखीच अस्सल मराठी घरातली, धाकट्या भावाला रोज ‘शिक्षा करीन हं’ म्हणणारी! काखेत कळसा नि गावाला वळसा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आमच्याकडे थट्टा; पण घरची भाषा हा चल माझ्या यादीत नव्हताच. त्या मुलीवर घरी कधी कुणी हात उगारला नव्हता. छडी तिनं पाहिली ती शाळेत, माझ्याच टेबलावर. तिथल्या तिथे माफी मागायला हवी होती. पण सगळ्या बघत होत्या, आणि मी मेली वही उचलून वर्गाकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठवड्यानं मी छावनीत तिच्या घरी गेले, तिला परत शाळेत पाठवा म्हणून हात जोडले, पण अब्रू गेलेल्या वडिलांनी ऐकलं नाही. शाळेत मला बहनजी म्हणणारी ती मुलगी दारापर्यंत पोचवायला आली.

“बाई, मी छडी लिहिलं म्हणून ही शिक्षा का?”

तुझं उत्तर बरोबर होतं गं, एवढंसुद्धा मला तिला सांगता आलं नाही.