पाभर तडकली तेव्हा

चाकणच्या पट्ट्यातल्या एका छोट्या संग्रहालयात मी देखभालीचं काम बघते. मूळची मी लातूरकडची. आयटीआयला एसी-फ्रीजचं काम शिकले, काही वर्षं कंपनीत शिफ्टमध्ये काढली आणि मग इथं लागले. ज्या गावांच्या शेतांवर कारखाने उभे राहिले, त्या गावांतली जुनी औतं, कणग्या, मोटा इथं मांडून ठेवल्या आहेत. इमारत मात्र नवी आहे. पश्चिमेला सगळी काचच. लांबून बघणाऱ्याला ते मोटारींचं शोरूम वाटतं.

त्या काचेपायी दुपारनंतर दालन भट्टीसारखं तापायचं, म्हणून एसी चोवीस तास चालू असायचा. एकदा विश्वस्तांनी आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं की, या संग्रहालयाचा पर्यावरणावरचा भार कसा कमी करता येईल. मी म्हटलं, संध्याकाळी दारं बंद झाल्यावर एसी कुणासाठी चालवायचा? बंद करू, सकाळी उघडताना लावू. सगळ्यांना पटलं. माझं कौतुक झालं, वीज बचतीचा एक फलकही जिन्यापाशी लागला. त्या दिवशी पिंपळे सौदागरला घरी जाताना बसमध्ये सगळा रस्ता उभ्यानं गेला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

तो पावसाळा होता. सकाळी एसी लावला की थोड्या वेळानं दालनात कुठंतरी ‘टक्’ असा आवाज यायचा. रोज नाही, अधूनमधून. गार हवा नेणारे पत्र्याचे डक्ट गार होताना आखडतात आणि वाजतात, हे मला कंपनीपासून माहीत. मी शिडी लावून डक्टचे स्क्रू आवळले. आवाज काही थांबला नाही. मग मी लक्ष देणं सोडून दिलं.

एका रविवारी गार्डनं मला बोलावलं. एक गृहस्थ दोरी ओलांडून पाभरीवर वाकले होते, सांगूनही उठत नव्हते. साठीच्या आसपासचे, जवळच्याच गावचे सुतार. आता तळवड्याला मालाच्या पेट्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होते. बायकोला घेऊन आले होते. पेरणीची ही पाभर त्यांच्या वडलांच्या हातची होती, ती बघायला.

“बाई, हिला उन्हात टाकली व्हती का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही हो, ही तर एसीत आहे.

“दिवसरात?”

“नाही. रात्री बंद असतो.”

मग त्यांनी मला पाभरीचं आडवं जाड लाकूड बोटानं दाखवलं. टोकापासून थेट बी टाकायच्या वाटीपर्यंत चीर गेली होती, नख आत जाईल एवढी. लाकूड वरून काळं पडलेलं, आणि चिरेच्या आत तांबूस, ताजं.

“आत धूळसुदिक बसली न्हाई. ही आत्ताची हाय,” ते म्हणाले. “फुटताना वाजलं आसंल की.”

सकाळी मी जे ऐकत होते, ते डक्ट नव्हते.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. पेट्यांचं लाकूड भट्टीत घाईनं वाळवलं तर असंच फाटतं. इथं रात्री पावसाळी हवेनं लाकूड फुगायचं आणि सकाळी माझा एसी ते झटक्यात सुकवायचा. रोज फुगायचं, रोज आखडायचं. वर्षानुवर्षं ही पाभर त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर पडून होती, तिला काही झालं नव्हतं. “तितं बी हवा बदलायची,” ते म्हणाले, “पन हळूहळू.”

ते गेल्यावर मी टॉर्च घेऊन एकेक वस्तू तपासली. एक जू आणि बियाण्याची एक पेटीही तडकली होती. मी जिन्यावर बसले, तर समोरच तो वीज बचतीचा फलक. माझ्या आधी कुणाच्या हातून एवढं नुकसान झालं नसेल, आणि मला त्याबद्दल टाळ्या मिळाल्या होत्या.

सोमवारी मी व्यवस्थापक बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पुन्हा चोवीस तास चालू ठेवा. पण तेही मला पटेना. मागच्या आवारात एक जुनं दगडी गोदाम होतं, जाड भिंतींचं, चुन्याच्या गिलाव्याचं. दालनात न मावलेली औतं तिथं विनापंख्याची पडून होती. मी ती पाहिली, एकही तडकलेलं नव्हतं. हवेतला दमटपणा दाखवणारी दोन छोटी यंत्रं आणली. एक दालनात ठेवलं, एक गोदामात. आठवडाभरानं बाईंना नोंदींचा आलेख दाखवला. दालनाची रेघ डोंगरदऱ्यांसारखी वरखाली होत होती, गोदामाची जवळजवळ सपाट.

त्यानंतर सगळी लाकडी औतं आम्ही गोदामात हलवली आणि गोदामच लोकांना बघायला खुलं केलं. दालनाच्या काचेला बाहेरून बांबूचे पडदे लावले. एसी फक्त जुन्या कागदपत्रांच्या लहान खोलीत ठेवला, एकाच तापमानावर, न थांबता. वीज आता पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी लागते. गोदामात लोकांना घाम येतो, तसं ते अभिप्रायाच्या वहीत लिहूनही जातात.

चीर भरायला मी त्या सुतारकाकांना बोलावलं होतं. त्यांनी नको म्हटलं. भरली तर पुढच्या पावसात शेजारी फुटेल म्हणाले. मग मी पाभरीपाशी एक पाटी लावायचं ठरवलं: ही चीर संग्रहालयात आल्यावर पडली, आणि ती कशानं पडली. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि लावू दिली.

पुढच्या वेळी आले तेव्हा काकांनी ती पाटी बोट फिरवत सावकाश वाचली. मला वाटलं, आता बरं म्हणतील.

“समदं लिवलंय,” ते म्हणाले. “वडलांचं नाव न्हाई.”

एवढ्या दिवसांत एकदाही ते माझ्या मनात आलं नव्हतं. मी पेन काढलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि मी ते पाटीवर सगळ्यात वर लिहिलं.