डॉक्टर येणार म्हणून

शेजारी रंगारी ब्रश धुवायला बसला की रॉकेलचा वास येतो आणि मला आमची घोडी आठवते. कासारसाईला आमच्याकडे पांढरी घोडी होती. लग्नसराईत ती हिंजवडीपर्यंत वरातींना जायची. एका मे महिन्यात तिनं खाणं सोडलं, अंग तापलं, लघवी काळ्या चहासारखी झाली. पुण्याहून डॉक्टर येणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "शहरातला मानूस येतोय. गोचीड दिसले तर आपल्याला काय म्हनंल? येचून काढ समदे." मी कानांतून, आयाळीतून, शेपटीखालून एकेक गोचीड ओढून रॉकेलच्या डब्यात टाकला, घोडीला धुतलं आणि डबा दाराआड सारला. डॉक्टरांनी तिच्या अंगावरून हात फिरवून विचारलं, "गोचीड होते का?" सासूबाई म्हणाल्या, "न्हाई ओ." वरातींत फार राबली असेल, असं म्हणून ते सलाइन लावून गेले. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्या पिवळ्या पडल्या. डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा मी तो डबा त्यांच्यापुढं आणून ठेवला. त्यांनी आत वाकून पाहिलं. "हे अंगावर दिसले असते तर पहिल्याच दिवशी रक्त तपासलं असतं," ते म्हणाले. गोचिडांतून रक्तात शिरलेल्या जंतूंवर त्यांनी इंजेक्शन दिलं, पण संध्याकाळी घोडी बसली ती उठली नाही. आता माझंच अंग थकलंय. दवाखान्यात निघाले की सून म्हणते, "आई, डॉक्टर काय म्हणतील? जरा बरी साडी तरी नेसा." मी अंगावरच्याच साडीत रिक्षात बसते.