तीनदा तपासलेली लाइन

माझे दाजी म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, आणि एकेरी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघणार. माझ्या बहिणीने या माणसाबरोबर सव्वीस वर्षं कशी काढली याचं मला नवल वाटतं. मी त्यांच्याबरोबर धंद्यात नऊ वर्षं आहे, आणि त्यातला निम्मा वेळ त्यांचं तपासून होण्याची वाट बघण्यात गेलाय.

उमेदीची वर्षं त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात घालवली. तारांचे दिवस सरले, तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी नाकावर चष्मा चढवून ते इंटरनेटवरच्या फोनचं काम शिकले. दवाखाने, दुकानं, कचेऱ्या यांना आम्ही असे फोन बसवून देतो. बाहेरून येणारे सगळे कॉल ज्या वाटेने आत येतात तिला ट्रंक म्हणतात. दाजींच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं, की मुलगा पत्र्याच्या पेट्या विकतो. या वाटेच्या तोंडाशी एक पहारेकरी बसवलेला असतो, म्हणजे एक प्रोग्राम. फोन कंपनीच्या इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून आलेला कॉल आत सोडायचा, याची यादी त्याच्याकडे असते. यादीत नाव नसेल त्याला तो दारातूनच परत पाठवतो, आणि आतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ही यादी भरायचं काम दाजींचं. मी वायरी ओढतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो.

काम संपलं की दाजी आपल्या मोबाइलवरून तीन फोन करून बघत. तेही सकाळी सात वाजता, कारण उगाच कुणाच्या कामात खोटी नको. तिन्ही वाजले की वहीत बरोबरची खूण करायची आणि निघायचं. तारांच्या जमान्यात ही रीत कधी चुकली नव्हती.

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्याचं काम आम्हाला मिळालं ते ताईमुळे. ताई म्हणजे दाजींची थोरली बहीण. बावीस वर्षं ती तिथे फोनवर बसायची. पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यांना मेसेज वाचता येत नाहीत, ते फोनच करतात, आणि ताई त्यांना आवाजावरून ओळखायची. "डाव्या डोळ्याचे काका ना? थेंब दुपारी घालायचे, रात्री नाही," असं तिचं चालायचं. जुनी यंत्रणा मोडकळीला आली, तेव्हा मॅनेजरकडे तिनेच शब्द टाकला, "माझा भाऊ करेल. हळू करतो, पण पक्कं करतो."

नवे फोन बसले आणि महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. रिंग वाजते, कुणी उचलत नाही. मॅनेजरने ताईला बोलावलं. ताई म्हणाली, फोन वाजतच नाही तर उचलू काय? मग मॅनेजरने दाजींना पत्र पाठवून विचारलं, की यंत्रणेत काही दोष आहे का. दाजी पुन्हा सकाळी सातला गेले, पुन्हा तीन फोन केले, तिन्ही खणखणीत वाजले. त्यांनी लिहून दिलं, "यंत्रणेत दोष नाही." खाली सही, तारीख. त्या कागदावर ताईची नोकरी गेली. कामात हयगय, असं कारण लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात दाजी तिला म्हणाले, "ताई, एकदा कान तपासून घे." प्रेमाने म्हणाले, हे सांगायला हवं. ताईने खरंच कान तपासले. कान ठणठणीत निघाले. तिला त्याचाही आनंद झाला नाही, कारण आता दोष शोधायला तिच्याकडे स्वतःशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. पुढे तिने माझ्या बहिणीला सांगितलं, की शेवटचे पंधरा दिवस ती रिसीव्हरवर हात ठेवून बसायची. ऐकू नाही आलं तरी थरथर कळेल म्हणून.

ताईच्या जागी एक तरुण मुलगी आली. तीन आठवड्यांनी तिच्या टेबलाची जागा बदलायची होती म्हणून आम्ही दोघं साडेअकराला तिथे गेलो. हॉल माणसांनी भरलेला. टेबल हलवून झालं आणि दाजींनी सवयीने मोबाइल काढला. त्यांच्या कानात रिंग वाजायला लागली. समोर हातभर अंतरावर टेबलावरचा फोन गप्प. दाजी त्याच्याकडे बघत उभे राहिले. मुलगी म्हणाली, "कुणाला फोन लावताय, काका?"

दाजींनी आणखी तीनदा लावला. एक वाजला, पुढचे दोन नाही.

गाडीत बसून त्यांनी फोन कंपनीचं जुनं पत्र उघडलं. पहिल्या पानावर एक पत्ता होता, तो यादीत भरलेला. दुसऱ्या पानावर, बिलाच्या अटींखाली, एक ओळ होती: गर्दीच्या वेळी कॉल या दुसऱ्या पत्त्यावरून येतील. सकाळी सातला गर्दी नसते. म्हणून दाजींचा प्रत्येक फोन पहिल्या पत्त्यावरून आला आणि वाजला. दुपारचे निम्म्याहून जास्त कॉल मात्र दारातूनच परत गेले होते, आणि त्या म्हाताऱ्यांच्या कानात फोन कंपनी ऐकवते ती नुसती रिंग वाजत राहिली होती.

दुसरा पत्ता यादीत घालायला दोन मिनिटं लागली. मी दाजींना म्हणालो, "झालं ना दुरुस्त? आता झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईला आपण दुसरीकडे चिकटवू. हे बाहेर पडलं तर उद्यापासून आपल्याला कोण बोलावेल?" मी हे बोललो, नाकारत नाही. मला माझं घर दिसत होतं.

दाजी दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला न सांगता मॅनेजरकडे गेले आणि दुसरा कागद लिहून दिला: दोष यंत्रणेत होता, तो माझा होता, बहिणीचा नव्हता. मॅनेजरने काम आमच्याकडून काढून घेतलं. ताईला सोमवारपासून परत बोलावलं. एवढं ऐकून मी दाजींवर ओरडलो, आणि मग त्यांच्याबरोबर ताईकडे गेलो. एकट्याने जायची त्यांची हिंमत नव्हती.

ताई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजी उभ्यानेच बोलले. दोन पत्ते, गर्दीची वेळ, सकाळचे सात, सगळं सांगितलं. "ताई, माझ्या सहीने तुझी नोकरी गेली," म्हणाले.

ताईने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "म्हणजे दहा वाजल्यानंतर."

"काय?"

"दहानंतर फोन जवळजवळ मुका व्हायचा. दहापर्यंत वाजायचा, पुन्हा चारनंतर वाजायचा. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तू काहीच केलं नाहीस, वर दोष नाही म्हणून लिहून दिलंस, तेव्हा वाटलं माझेच कान गेले."

दाजी खुर्चीत बसले. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तू फोन उचलत नव्हतास, कुठल्या तरी खांबावर नाहीतर माळ्यावर असशील. म्हणून निरोप दिला होता." तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. "याच्याकडे."

आणि मला आठवलं. दवाखान्याचा जिना होता, माझ्या खांद्यावर वायरीचं वेटोळं होतं. ताई दोन पायऱ्या उतरून मुद्दाम खाली आली होती आणि म्हणाली होती, "अरे, दहानंतर फोन धड वाजतच नाही रे, त्याला सांग." मी हसलो होतो. म्हणालो होतो, "बरंय की, ताई. एक डुलकी काढा."