कायम तीन दिवसांची दाढी

बल्ब घ्यायला दुकानात उभा होतो. शेजारी एक तिशीतला माणूस ट्रिमर निवडत होता. काउंटरवर खोकी उघडी पडली होती. "दाढी केलीय असं वाटायला नको," तो विक्रेत्याला समजावत होता, "आणि वाढलीय असंही वाटायला नको." विक्रेत्याला यात काहीच नवल वाटलं नाही. त्याने ट्रिमरची चकती जरा फिरवली. "हे घ्या. यावर ठेवा, कायम तीन दिवसांची दिसेल."

मला गंमत वाटली. वडिलांच्या वेळी कुणाच्या गालावर खुंट दिसले, की समोरचा आवाज खाली आणून विचारायचा, "घरी सगळं ठीक आहे ना?" आजारपण, जागरण, मर्तिक, काहीतरी असणारच. माणूस बोलायच्या आधी चेहरा बातमी सांगून मोकळा व्हायचा. आता तोच चेहरा रोज सकाळी मापाने राखता येतो. त्यात वाईट काही नाही, शोभतोही. फक्त त्यावरून आता काही कळत नाही.

तो माणूस ट्रिमर घेऊन खुशीत गेला. विक्रेत्याने माझा बल्ब लावून दाखवला आणि त्या उजेडात माझ्या गालांकडे पाहून हसला. "काका, तुमचीही झकास राहिलीय. कितीवर ठेवता?"

थोरला भाऊ वारल्यापासून मी दाढीला हात लावला नव्हता. घरात सुतक होतं. भेटायला माणसं येत होती आणि नेमका बाहेरच्या खोलीतला बल्ब उडाला होता.

"आपोआपच राहिलीय," मी म्हणालो आणि बल्ब घेऊन निघालो.